उंबरा वाढवला, मोरीचं काय?

सप्टेंबर जवळ आला की सोलापुरात गवंडी मिळत नाही. जो तो दारात उंबरा चढवून घेतोय. दोन विटा, वर कडप्पा, त्यावर पॉलिश, आणि घरमालक निर्धास्त. मग रात्री पाऊस कोसळतो, रस्त्यावरचं चेंबर तुंबतं आणि न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येतं. आधी जाळीवरचे केस तरंगतात, मग पाट सरकतो, मग पाणी स्वयंपाकघरात. आणि तो नवा कोरा उंबरा हे पाणी बाहेर जाऊ देत नाही! दरवर्षी हेच. संताप येतो, कारण यात न कळण्यासारखं काहीच नाही.

घरातली सगळ्यात खालची जागा दार नव्हे, मोरी आणि संडासाचं भांडं. रस्त्यावरचं चेंबर झाकणापर्यंत भरलं की तुमच्या पाइपातलं पाणीही त्याच पातळीला चढणार. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी घ्या, एक टोक रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणाशी, दुसरं न्हाणीत धरा. न्हाणी खाली निघाली तर पाणी येणारच. पाच मिनिटांचं काम आहे हो! पण टाइल्सचा रंग निवडायला तीन दुकानं फिरणारा माणूस ही पाच मिनिटं काढत नाही.

उपाय म्हणजे ड्रेनेजचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आतून झडप असलेला, पाणी बाहेर सोडणारा पण उलट आत येऊ न देणारा. घरातल्या सगळ्या लाइनी एकत्र झाल्यावर, पण रस्त्याच्या लाइनला जोडण्याआधी, कंपाउंडच्या आत तो बसतो. ११० मिलिमीटरच्या लाइनला ११० चाच. व्हॉल्व्हवरचा बाण रस्त्याकडे, झडपेची बिजागरी वर. बिजागरी खाली करून उलटा बसवला तर झडप लोंबत उघडीच राहते, आणि असे उलटे बसवलेले कमी नाहीत. काही प्लंबर तर मोटारीच्या लाइनचा पितळी व्हॉल्व्ह आणून ठोकतात. तो स्वच्छ पाण्यासाठी आहे, मैल्यात आठवड्यात अडकतो. व्हॉल्व्हभोवती झाकणाचं चेंबर हवंच. फरशीखाली गाडून टाकलेला व्हॉल्व्ह साफ कोण करणार? झडपेत एक चिंधी अडकली की ती पूर्ण मिटत नाही, आणि अर्ध्या मिटलेल्या झडपेतून घर भरायला रात्र पुरते.

व्हॉल्व्ह बसेपर्यंत न्हाणीच्या तोंडात रबरी टेस्ट प्लग आवळा आणि भांड्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वाळूची पिशवी दाबून ठेवा.

आता यातली मोठी गोम ऐका. झडप मिटली की तुमचंही पाणी बाहेर जात नाही. तेव्हा अंघोळ नको, फ्लश नको. आणि गच्चीचा पाइप? तो निम्म्या घरांनी ड्रेनेजच्याच चेंबरात सोडलाय! १००० चौरस फुटांच्या स्लॅबवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी होतं. ते मिटलेल्या झडपेवर आदळून उलट तुमच्याच मोरीतून वर येणार, आणि तुम्ही म्हणणार व्हॉल्व्ह फालतू निघाला. गच्चीचं पाणी वेगळ्या पाइपाने उघड्या गटारीकडे किंवा शोषखड्ड्याकडे न्या. शोषखड्डा नुसत्या काळ्या मातीत खणू नका. ती माती भिजली की फुगते, पाणी मुरू देत नाही. खाली मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं.

उघडी गटार म्हटलं की गाडीचे रॅम्प आलेच. प्रत्येकाने गटारीवर काँक्रीट ओतून रॅम्प केलाय, खाली चार इंची पाइपचा तुकडा. त्यात एक दुधाची पिशवी अडकली की वरच्या दहा घरांचं पाणी रस्त्यावर. त्यात रस्ता करताना जुना थर खरवडत नाहीत, डांबरावर डांबर टाकतात आणि रस्ता जोत्याच्या वर जातो. त्याविरुद्ध सगळ्या गल्लीने मिळून भांडायला हवं. ते नाही, प्रत्येकाचा रॅम्प मात्र शेजाऱ्यापेक्षा उंच! रॅम्पच्या जागी उचलता येणारी लोखंडी जाळी बसवा, गटार पूर्ण रुंद ठेवा. हिप्परगा तलावाचा सांडवा वाहायला लागला की आदिला नदीकाठच्या वस्त्यांनी याचीच किंमत मोजायची का?

हौदाचं तर बोलायलाच नको. नळाला रोज पाणी न येणारं हे शहर, घरोघरी हौद. आणि त्याचं झाकण कुठे? पार्किंगच्या फरशीला लेव्हल, गाडी वरून जावी म्हणून. वीतभर पाणी साचलं की गल्लीचा मैला थेट पिण्याच्या पाण्यात. हौदाचं तोंड निदान फूट-दीड फूट वर उचला, झाकणाखाली रबर आणि बोल्ट द्या. ओव्हरफ्लोचा पाइप गटारीत सोडला असेल तर आजच तोडा, पुराचं पाणी त्याच वाटेने आत येतं. पाऊस कोसळत असताना हौद रिकामा करू नका. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते, रिकामी प्लॅस्टिकची टाकी खालून उचलली जाते आणि काँक्रीटच्या हौदाचा तळही तडकू शकतो. जमिनीतलं पाणी ओसरल्यावर हौद उपसा, भिंती घासा, ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन ते पाणी फेका. पुन्हा भरल्यावर १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं हौदात ओता आणि तासभर थांबा. वर्षभर उघडी पडलेली पावडर चालत नाही, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. नुसती तुरटी फिरवून लेकरांना पाणी पाजू नका हो.

एवढं सगळं झाल्यावर दाराकडे वळा. दाराला फळी लावायची तर दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचे चॅनल, भिंत आणि चॅनलमध्ये सिलिकॉन, फळीच्या तिन्ही कडांना रबर. नुसता १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय पुरत नाही. मीटरभर रुंद दारावर दोन फूट पाणी म्हणजे १८० किलोंच्या आसपास रेटा. प्लाय मधोमध वाकतो आणि खालचं रबर सुटतं. मागून तळाशी ४० बाय ४० ची लोखंडी चौकोनी नळी आडवी मारा. तीन फुटांना हाच रेटा ४०० किलोंवर जातो, म्हणून दोन फुटांपेक्षा जास्त पाणी अडवण्याचा हट्ट नको. चार इंची विटांची भिंत आधी फुटेल.

विजेचा बोर्डही तसाच जमिनीलगत, इन्व्हर्टरची बॅटरी फरशीवर. सॉकेट जुन्या पाण्याच्या खुणेच्या फूटभर वर घ्या, खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं करा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावा. मेन स्विच पाणी आत शिरण्याआधी बंद करायचा, पाण्यात उभं राहून नव्हे.

आणि सीना नदीकाठी? २०२५ च्या सप्टेंबरात लांबोटीजवळ पुणे महामार्ग थांबला, तेव्हा काठच्या गावांतली मातीची घरं पाण्यात होती. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराला उंबरा काय कामाचा? पांढऱ्या मातीची भिंत तळातून भिजून मऊ होते आणि वर १० बाय १० च्या खोलीवर फूटभर माती धरली तरी पाच टनांच्या आसपास वजन. यावर लोक करतात काय, तर भिंतीला सिमेंटचा गिलावा! बाहेरून चकचकीत, आत ओल कोंडलेली, भिंत कुजतेय ते दिसतही नाही. त्यापेक्षा तळाचे तीन फूट दगडी बांधून घ्या, वर मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा ठेवा, तुळयांना भिंतीखेरीज लाकडी खांबांचा आधार द्या. पाणी ओसरल्यावर लगेच आत झोपायला जाऊ नका. पाण्याचा बाहेरचा आधार गेलेला असतो, भिंत आतून ओलीच असते, आणि ती त्याच रात्री, नाहीतर दोन-चार दिवसांनी, बसते.