ऑस्ट्रेलियाने त्या गायकाला हाकललं नव्हतं, तो फॉरवर्ड आता थांबवा

"ऑस्ट्रेलियाने करून दाखवलं, गोवा कधी जागा होणार?" असं वर लाल अक्षरात लिहिलेला एक फॉरवर्ड सध्या आपल्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली जॅक ब्लॅकचा फोटो आणि मजकूर थोडक्यात असा: या हॉलिवूडवाल्याने सिडनीत स्टेजवरून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला मारा असं सांगितलं, लोक चिडून उठून गेले, पोलिसांनी त्याला स्टेजवरूनच उचलला आणि २४ तासांत विमानात बसवून देशाबाहेर काढला, कारण प्रगत देशात नेत्यांची टिंगल खपवून घेत नाहीत. आणि शेवटी खरा मुद्दा, गोव्यात वाजवणारे, गाणारे, शिकवणारे जेवढे विदेशी आहेत त्यांचे फोटो काढा, पत्ते गोळा करा, ग्रुपवर टाका आणि यांनाही हाकलून द्या.

आत्येने तो फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा मी सोडून दिलं होतं, तिला काय, आलं की पुढे ढकलते. पण परवा ताईचा फोन आला, भाचीला व्हायोलिनच्या क्लासला पाठवू की बंद करू, कारण शिकवणाऱ्या बाई विदेशी आणि त्यांच्या क्लासच्या दाराचा फोटो कुणीतरी त्याच फॉरवर्डखाली चिकटवून गावच्या ग्रुपवर टाकलाय. त्या बाई इथल्याच माणसाशी लग्न करून संसाराला लागल्यात, बाजारात कोंकणीतून घासाघीस करतात, राजकारणावर त्यांच्या तोंडून मी आजवर एक शब्द ऐकलेला नाही. मग मात्र डोकं फिरलं आणि ठरवलं की एकदा सगळं नीट लिहूनच टाकायचं.

तर आधी घडलं काय ते. टेनेशियस डी नावाचा दोघांचा बॅन्ड आहे, जॅक ब्लॅक आणि काइल गॅस, १९९४ पासूनचा, कॉमेडी आणि रॉक एकत्र करणारा. जॅक ब्लॅक म्हणजे कुंग फू पांडामधल्या पांड्याचा आवाज, आत्येच्या नातवंडांना पाठ असलेला. १४ जुलै २०२४, रविवार, सिडनीत त्यांचा शो होता आणि त्याच दिवशी गॅसचा वाढदिवस, वय ६४. स्टेजवर केक आणला, जॅक ब्लॅक म्हणाला काहीतरी विश माग, आणि गॅस म्हणाला, "पुढच्या वेळी ट्रम्पवरचा नेम चुकवू नका." (ट्रम्पवर सभेत नुकताच गोळीबार झाला होता, ते पुढे सांगतो.)

म्हणजे वाक्य गॅसचं, फोटो जॅक ब्लॅकचा. फॉरवर्डची पहिलीच ओळ खोटी. प्रसिद्ध चेहरा लावला की लोक क्लिक करतात, एवढाच हिशोब. राष्ट्राध्यक्षही चूक, ट्रम्प तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष आणि उमेदवार होते, पण ते सोडा. लोक चिडून उठून गेले हेही चूक. त्या क्लिपमध्ये प्रेक्षकांचं हसणं आणि ओरडणं स्पष्ट ऐकू येतं. मला ते ऐकायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं. संताप आला तो क्लिप पसरल्यावर, हॉलच्या बाहेरून.

आता तो पोलिसांचा भाग, कारण सगळा फॉरवर्ड त्याच्यावरच उभा आहे. गॅसला अटक झाली नाही. स्टेजवरून कुणी उचललं नाही. ऑस्ट्रेलियाने त्याला देशाबाहेर काढलं नाही. हकालपट्टीची मागणी झाली, हे खरं. राल्फ बॅबेट नावाचे एक सिनेटर आहेत, युनायटेड ऑस्ट्रेलिया पार्टीचे सिनेटमधले एकुलते एक, ते म्हणाले की बॅन्डला ताबडतोब देशाबाहेर काढा, आणि २०२२ मध्ये टेनिसपटू जोकोविचला परत पाठवलं होतं त्याचाही दाखला दिला. एका खासदाराने पत्रक काढलं म्हणजे सरकारने कारवाई केली असं होत नाही, हे गोव्यात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायला लागावं? आपले आमदार विधानसभेत दर अधिवेशनात काय काय मागतात, त्यातलं किती होतं?

मग दौरा बंद कुणी केला? जॅक ब्लॅकने. १६ जुलैला त्याने स्वतःचं निवेदन टाकलं आणि ते चार ओळींचं निवेदन वाचलं तरी या फॉरवर्डमधलं काही शिल्लक राहत नाही. त्यात तो सांगतो की रविवारी शोमध्ये जे बोललं गेलं त्याची मला अजिबात कल्पना नव्हती, द्वेषाचं बोलणं किंवा राजकीय हिंसाचार कुठल्याही रूपात मला मान्य नाही, दौरा पुढे नेणं आता योग्य वाटत नाही आणि पुढचे सगळे बेत थांबवलेत. त्यात पोलीस नाही, मंत्री नाही, व्हिसा नाही. त्याच दिवशीचा न्यूकॅसलचा शो गेला आणि पाठोपाठ मेलबर्न, ब्रिस्बेन, अ‍ॅडलेड, न्यूझीलंड सगळंच गेलं. गॅसनेही माफी मागितली, सरळ लिहिलं की ते वाक्य अत्यंत अनुचित होतं, धोकादायक होतं, माझी भयंकर चूक झाली. त्याच्या एजंटने त्याला सोडलं. ती माफीची पोस्ट पुढे त्याच्या अकाउंटवरून गायब झाली आणि त्याच्यावरूनही लोकांनी त्याला धुतलं, तेही मी लपवत नाही.

आणि लोकांची प्रतिक्रिया म्हणाल तर ती एका बाजूची अजिबात नव्हती. ट्रम्पचे समर्थक भडकलेले होतेच, पण बॅन्डचे जुने चाहते जॅक ब्लॅकवरही तुटून पडले, की तीसपस्तीस वर्षांचा दोस्त, ज्याने तुला गिटार शिकवली, त्याला एका वाक्यासाठी उघड्यावर टाकलंस. मला स्वतःला वाटतं त्याने केलं ते बरोबर केलं. मैत्री तुटली असंही नाही, ऑगस्टमध्ये त्यालाच विचारलं तेव्हा तो म्हणाला की ब्रेकची गरज होती, आम्ही परत येऊ. तर माणसांनी आपापसात, आपल्या अकलेने केलेली ही गोष्ट आहे, आणि फॉरवर्डवाल्याने तिच्यात पोलीस घुसवले कारण त्याला शेवटी पोलीसच हवे होते.

इथे एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर कुणीतरी खाली येऊन ती काढणारच. ऑस्ट्रेलिया कलाकारांचे व्हिसा रद्दच करत नाही असं नाही. तिथल्या कायद्यात चारित्र्याची चाचणी म्हणून प्रकार आहे, मंत्र्याला व्हिसा रद्द करता येतो. कान्ये वेस्टने हिटलरचा जयजयकार करणारं गाणं काढलं त्यानंतर त्याचा व्हिसा रद्द केल्याचं त्यांचे गृहमंत्री टोनी बर्क यांनी २०२५ च्या जुलैमध्ये सांगितलं. पण ती वेगळी केस, वेगळं वर्ष, वेगळा माणूस. ती घेऊन सिडनीच्या गोष्टीला जोडायची नाही.

पुढचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, "प्रगत देशात नेत्यांची टिंगल खपवून घेत नाहीत." गॅसवर लोक भडकले ते नेत्याची टिंगल केली म्हणून भडकले का? आदल्या दिवशी, १३ जुलैला पेनसिल्व्हेनियात बटलर इथे ट्रम्पच्या सभेत गोळीबार झाला होता. तिथली संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे रविवारची पहाट, पावणेचारच्या सुमारास, आणि सिडनीत रविवारी सकाळचे आठ वाजून गेलेले. ट्रम्पच्या कानाला गोळी चाटून गेली, पण सभेला आलेला एक माणूस, अग्निशमन दलाचा माजी प्रमुख, बायको-मुलींना आडोसा देता देता जागीच गेला. आणखी दोघे गंभीर जखमी. म्हणजे गॅसने ते वाक्य म्हटलं तेव्हा त्या माणसाला जाऊन जेमतेम अर्धा दिवस झाला होता, त्याच्या घरी काय चाललं असेल याचा विचार करा, आणि हा केकसमोर उभा राहून म्हणतो पुढच्या वेळी नेम चुकवू नका. घाण वाटतं ते यासाठी. ट्रम्प मला आवडतात की नाही याचा काही संबंध नाही, ज्याच्यावर गोळी चालली तो कुठल्याही पक्षाचा असता तरी मी हेच म्हटलं असतं. राजकीय विनोद करणाऱ्यांनीच या माणसावर जास्त चिडायला पाहिजे, कारण असल्या एका वाक्यामुळे मग कुणीही उठतो आणि म्हणतो, बघा, विनोद म्हणजे हेच असतं, बंद करा सगळं.

नेत्यांवर बोलणं आणि नेता मरावा म्हणणं यातला फरक गोव्याला कुणी शिकवायची गरज नाही. तियात्र, म्हणजे आपलं कोंकणी संगीत नाटक, बघायला जा. त्यातलं कांतार, म्हणजे गाणं, सुरू झालं की मुख्यमंत्र्यापासून पंचापर्यंत एकेकाचं नाव घेऊन सालटी काढतात, पक्षांतर, कॅसिनो, जमिनी, नोकऱ्या, काही सुटत नाही, आणि लोक वन्स मोअर मागतात. पेडण्यात, सत्तरीत दशावतार बघितलाय? त्यातला विनोदी राक्षस संकासूर आला की गावातल्या कुणाकुणाची काय फिरकी घेईल सांगता येत नाही, समोर खुर्चीवर सरपंच बसलेला असतो, त्याच्याच रस्त्याच्या खड्ड्यावर बोलतो आणि सरपंचालाही हसायला लागतं. १९६७ च्या ओपिनियन पोलच्या वेळी, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावर कौल घेतला तेव्हा, 'राष्ट्रमत' या पेपरात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' लिहायचे, मराठीतूनच, विलीनीकरणाच्या विरोधात, तेव्हाचे विलीनीकरणवादी नेते, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्यावर असे वार की आमच्या घरात, जिथे सगळे भाऊसाहेबांचे, तिथे पेपर वाचून आजोबा तापायचे असं बाबा सांगायचे, तरी दुसऱ्या दिवशी तो पेपर घरात यायचाच. भाऊसाहेब मरावेत असं त्यात कुठे होतं का? बोचरं होतं, पुष्कळदा झोंबणारं होतं, आणि ते तसंच पाहिजे. हा फॉरवर्ड म्हणतो की टिंगलच नको. मग तियात्र पण बंद करणार? संकासुराच्या तोंडाला पट्टी बांधणार? उद्या मुख्यमंत्र्यावर कांतार म्हटलं म्हणून कुणाला उचललं तर हेच लोक म्हणतील की ऑस्ट्रेलियात पण असंच करतात. करत नाहीत. केलेलं नाही.

आणि ते फोटो काढा, पत्ते गोळा करा. इथे मी गप्प बसणार नाही. विदेशी कलाकारांबद्दलची खरी तक्रार मला माहीत आहे. हरमल, मांद्रे, मोरजी पट्ट्यात टुरिस्ट व्हिसावर येऊन पैसे घेऊन वाजवणारे असतात, ते बेकायदेशीर आहे, टुरिस्ट व्हिसावर कमवायला परवानगी नाही, आणि त्यात आमच्या पोरांची कामं जातात. माझा चुलतभाऊ कीबोर्ड वाजवतो, सीझनमध्ये एका शॅकवाल्याने त्याचं ठरलेलं काम काढून एका विदेशी पोराला दिलं, कारण तो जेवणावर वाजवायला तयार होता. राग येतोच, मलाही येतो. पण ही तक्रार व्हिसाची आणि पोटाची आहे, तिचा सिडनीतल्या वाक्याशी काय संबंध? आणि तिच्यासाठी जागा आहे, एफआरआरओ म्हणजे विदेशी लोकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय आहे, पोलीस आहेत, ज्याने काम दिलं त्या मालकाचं नाव घालून लेखी द्या. फॉरवर्डमध्ये मालकाचा उल्लेखसुद्धा नाही, बघितलंत का? कमी पैशात वाजवून घेणारा आपलाच माणूस सुटला आणि व्हायोलिन शिकवणारी बाई सापडली.

एका बाईच्या दाराचा फोटो, कुठल्या वाड्यावर, कुठल्या वळणावर हे सगळं लिहून, शेकडो अनोळखी माणसांच्या ग्रुपवर टाकणं याचा अर्थ काय होतो ते टाकणाऱ्याला कळत नाही असं मी मानत नाही. त्या रात्री कुणी दारू पिऊन दारात जाऊन उभा राहिला तर? ज्या माणसाच्या हिंसक वाक्यावर हा फॉरवर्ड एवढा तापलाय, त्याच्याच नावाने हे एका निरपराध माणसाचा पत्ता जमावाच्या हातात देतायत. गॅसने निदान दोन दिवसांत चूक झाली म्हणून लिहिलं.

आत्येला मी फोन करून सगळं सांगितलं, ती म्हणाली, "अरे पण खाली ऑस्ट्रेलियाचा झेंडा होता, मला वाटलं सरकारचं असेल." झेंडा कुणीही चिकटवतो, आत्ये. तिने तो काढलाय. ताईलाही सांगितलं की भाचीला गुरुवारी क्लासला पाठव, आणि तू स्वतः सोबत जा, बाईंना भेट, त्यांना कळू दे की गावातले सगळे त्या फोटोमागे नाहीत. गावच्या ग्रुपवर ज्याने दाराचा फोटो टाकला त्याला मी नाव घेऊन सगळ्यांसमोर काढायला सांगितलंय. अजून काढलेला नाही. उद्यापर्यंत तिथेच राहिला तर स्क्रीनशॉट घेऊन बाईंच्या नवऱ्यासोबत मी पोलीस स्टेशनला जाणार आहे, ग्रुपचा अ‍ॅडमिन माझा वर्गमित्र आहे तरी.