चार्जरचं 'रेडिएशन' घरच्या घरी मोजा!

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो लाल आकड्यांचा स्क्रीनशॉट फिरला: वायरलेस चार्जर, त्याच्यावर मोबाइलचं मीटर-ॲप आणि खाली 'लहान मुलांना दूर ठेवा'. तुम्ही मागे का राहावं? तुम्हीही मोजा.

फुकटातलं ॲप उतरवा. त्याला लागणारा सेन्सर फोनमध्ये असतोच, होकायंत्रासाठी बसवलेला. तो सेकंदाला शंभरेक नोंदी घेतो आणि चार्जरच्या पॅडमधल्या कॉइलचं (तारेच्या वेटोळ्याचं) चुंबकीय क्षेत्र सेकंदाला लाखाहून जास्त वेळा उलटसुलट होतं. म्हणजे जे मोजायचं ते त्याला दिसतच नाही. हरकत नाही. फोन जागेवर धरायला बऱ्याच पॅडमध्ये चुंबकांची कडी असते, तिच्यावर धरा, आकडा झपकन चढेल. त्याच्या शेजारी आयसीएनआयआरपीची (अशा क्षेत्रांच्या सुरक्षित मर्यादा सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०१० सालची २७ मायक्रोटेस्लाची मर्यादा लिहा; मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप, असे हजार म्हणजे एक मिलिटेस्ला. ती बदलत्या क्षेत्राची आहे, शरीरात वीज उत्पन्न होऊन नसा चेतू नयेत म्हणून घातलेली; तुम्ही मोजलंत ते स्थिर क्षेत्र, त्याची सामान्य माणसासाठीची मर्यादा ४०० मिलिटेस्ला, जवळजवळ पंधरा हजार पट. पण एवढं कोण बघतंय! खात्री हवी तर मोकळ्या मैदानात जाऊन मोजा. महाराष्ट्रात कुठेही चाळीस मायक्रोटेस्लाच्या आसपास आकडा येईल. ते पृथ्वीचं क्षेत्र. तेही 'मर्यादेबाहेर'! आता कुठे राहायला जाताय? करा फॉरवर्ड.

मीटर विकतच घ्यायचं तर ५० हर्ट्झच्या तारांसाठीचं घ्या. इथे उपयोग शून्य, पण दिसतं भारी.

पॅड खोलीच्या त्या टोकाला ठेवा आणि या टोकाला बसून घाबरा. बोटभर कॉइलचं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, तेव्हा घाबरण्याचं काम तुम्हालाच करावं लागेल.

फोनला अँटी-रेडिएशन स्टिकर लावा. आत धातूचा पत्रा असेल तर त्यात विजेचे भोवरी प्रवाह (गोल गोल फिरणारे) उत्पन्न होतात आणि तो तापतो. चांगला पॅड दिलेल्या आणि पोचलेल्या विजेचा हिशेब जुळेना की बंद पडतो. पदपथावरचा बिननावाचा पॅड तापवतच राहतो. आत नुसता कागद निघाला तर नशीब समजा.

आणि हे सगळं झालं की मागे चुंबक असलेला तोच फोन पेसमेकरवाल्या आजोबांच्या शर्टाच्या डाव्या खिशात सरकवा.

अहो, धोका आहे तो इथे आहे! १ मिलिटेस्लाच्या आसपासचं स्थिर क्षेत्र मिळालं की पेसमेकर हृदयाचं न ऐकता ठरलेल्या वेगाने चालू लागतो आणि डिफिब्रिलेटर (हृदयाचा ठोका जीवघेणा बिघडला की शॉक देणारं, छातीत बसवलेलं यंत्र) बहुधा चुंबक हटेपर्यंत शॉक देत नाही. आयफोन १२ छातीशी धरल्यावर नेमकं हेच झाल्याचं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं. कंपनीच सांगते: अशा उपकरणापासून फोन १५ सेंटीमीटर लांब, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३०. यावर ग्रुपवर एक अक्षर नाही. पोरांना घाबरवता आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा खिसा तपासत नाही? उठा, बघा आधी. फोनचं कव्हरही बघा, त्यातही चुंबक असू शकतं.