०.०२ टक्क्यांचं पाणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर आलेली एक प्रतिक्रिया इतकी लांब आणि इतक्या चढ्या आवाजातली आहे की तिला खाली दोन ओळी खरडून भागणार नाही. म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: पुण्यात मोठ्या गृहप्रकल्पाला परवानगी देण्याआधी त्या भागातल्या पाण्याचा हिशेब मांडावा, तो लोकांना बघायला मिळावा आणि हिशेब जुळत नसेल तर परवानगी थांबवावी, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर हे वाचक लिहितात, "चारशे फ्लॅटच्या प्रकल्पाला दिवसाला पावणेतीन लाख लिटर पाणी लागतं. शहराच्या रोजच्या पाण्याच्या ते ०.०२ टक्केही नाही. त्यासाठी एवढा बागुलबुवा कशाला?" पुढे गळती थांबवा, मीटर बसवा, नव्या फ्लॅटमधली माणसं आकाशातून पडत नाहीत वगैरे. आणि शेवटी, "स्वतःचं घर झालं की दार लावून घेणाऱ्या निवृत्त साहेबांचा हा उद्योग आहे."

शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलतो, कारण ते मला लागलं आहे. पाणीपुरवठ्याच्या योजना आखण्यात आणि चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. लाइनवरच्या कुठल्या चावीचे (व्हॉल्व्हचे) किती आटे उघडले की कुठल्या गल्लीत पाणी चढतं आणि कुठली गल्ली कोरडी पडते, हे मी जागेवर उभं राहून शिकलो आहे. तुम्ही मला चुकीचा म्हणा, आकडे खोडून काढा, मी ऐकून घेईन. पण माझा हेतू काय होता हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत, आणि तेही नाव न देता. दार लावून घेण्याची भाषा माझ्या लेखात एकदाही नाही. ती तुमची आहे.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. नव्या इमारतींतले नळ आणि फ्लश कमी पाणी घेतात आणि त्यांच्या जोडण्या जुन्या वाड्यांतल्या गंजलेल्या जीआय पाइपांसारख्या गळत नाहीत. हे तुमचं बरोबर आहे.

आता ०.०२ टक्के. तुमचा गुणाकार चुकलेला नाही. चारशे फ्लॅट, फ्लॅटमागे पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे २ लाख ७० हजार लिटर. शहर महिन्याला साधारण दीड टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) उचलतं, म्हणजे दिवसाला १४० कोटी लिटरच्या आसपास. भागाकार केला की ०.०२ च्या आतच उत्तर येतं. पण भागायचं कशाने, हाच तर प्रश्न आहे. बँक कर्ज देताना नुसता पगार बघत नाही, चालू हप्ते वजा जाऊन हातात काय उरतं ते बघते. नव्या प्रकल्पाचं पाणीही शिल्लकीशी ताडायचं असतं, एकूण पाण्याशी नाही.

ही शिल्लक काढायची कशी, ते सांगतो. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची क्षमता मिळून २९.१५ टीएमसी: वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७. पावसाळा सरला की १५ ऑक्टोबरच्या आसपासचा साठा धरून १५ जुलैपर्यंतचं नियोजन होतं. हे नऊ महिने धरणात नवीन थेंब येणार नाही असं धरूनच चालायचं. महिन्याला दीड म्हणजे नऊ महिन्यांत शहराचेच साडेतेरा टीएमसी. मुठा उजव्या कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती आणि वाटेतल्या पाणीयोजना आहेत. त्यांचं रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्यातून पाणी सोडण्याची पाळी, मग उन्हाळी आवर्तन. वरून मार्च ते मे बाष्पीभवन. जलसंपदा खात्याशी झालेल्या करारात शहराला वर्षाचे साडेअकरा टीएमसी ठरले होते, उचल त्याहून कितीतरी जास्त, आणि त्यावरून दर वर्षी धरणाच्या पाण्याचं वाटप ठरवणाऱ्या कालवा समितीच्या बैठकीत वाजतं. तेव्हा एकूण पाण्याचा जो आकडा तुम्ही भागाकाराला घेतलात, त्यातला मोठा हिस्सा त्या कराराबाहेरचा आहे. हे सगळं धरणं भरलेल्या वर्षाचं. २०१५ साली पावसाने दगा दिला तेव्हा अख्ख्या शहराला दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. हिशेब मांडायचा तो असं वर्ष समोर ठेवून.

त्यातून गळती वजा करा. पालिका स्वतःच ३५ ते ४० टक्के सांगत आली आहे. ३५ धरले तरी तुमच्या प्रकल्पाच्या टाकीत २ लाख ७० हजार लिटर पडायला धरणाकडून ४ लाख १५ हजार उचलावे लागतात. असे शंभर प्रकल्प झाले तर वर्षाला अर्ध्या टीएमसीहून थोडं जास्त, म्हणजे भरलेल्या खडकवासला धरणाचा पाव हिस्सा. आणि शंभर हा आकडा या शहरात फार मोठा नाही. प्रत्येक जण आपल्यापुरता ०.०२ च म्हणतो आणि प्रत्येकाला परवानगी त्याच आधारावर मिळते.

पुढची वजाबाकी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कोणी करत नाही. ज्यांना बांधकाम परवानगी मिळाली आहे पण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, अजून मिळालेलं नाही, अशा इमारतींची मागणी. परवानगीपासून माणसं राहायला येईपर्यंत तीन-चार वर्षं सहज जातात. आजच्या वापरात त्यांचं पाणी दिसत नाही, पण ते देऊन झालेलं आहे. ज्या झोनमध्ये, म्हणजे एका टाकीवरून पाणी मिळणाऱ्या भागात, आज पाणी पुरतंय असं वाटतं, तिथेही ही न दिसणारी देणी मोजली की खातं उणे निघू शकतं. त्यात पालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये आलेली ११ आणि २०२१ मध्ये आलेली २३ गावं धरा. तिथल्या कित्येक वस्त्यांना आज पुरेसं पाणी मिळतच नाही. त्यांचा वापर कमी दिसतो म्हणून गरज कमी आहे असं धरणार असाल तर तो हिशेब नव्हे, अन्याय आहे.

हे झालं धरणाचं. समजा धरणात पाणी आहे. तरीही एक इमारत शेजाऱ्यांचं पाणी तोडू शकते, आणि हे कसं होतं ते तुमच्या टक्केवारीत कधीच दिसणार नाही.

ज्या भागात दिवसातून तीन तास पाणी सुटतं तिथे दिवसाचं सगळं पाणी त्या तीन तासांतच घ्यावं लागतं. २ लाख ७० हजार भागिले तीन, म्हणजे तासाला ९० हजार, म्हणजे सेकंदाला २५ लिटर. रस्त्यातली लाइन १५० मिलिमीटरची, जुनी बिडाची असेल तर सेकंदाला २५ लिटर वाहताना किलोमीटरमागे सुमारे २३ मीटर दाब खर्ची पडतो (पाणी जितकं उंच चढू शकतं तितके मीटर दाब, असं मोजतात). अर्ध्या किलोमीटरला साडेअकरा-बारा मीटर. एकमजली घराच्या जोडणीपाशी ७ मीटर आणि दुमजलीपाशी १२ मीटर दाब शिल्लक असावा असा आपल्याकडचा संकेत आहे. म्हणजे त्या एका इमारतीने ओढलेल्या पाण्यात पलीकडच्या दुमजली घरांच्या हक्काचा दाब जवळजवळ पुरता संपतो. लाइनच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला तुमचे ०.०२ टक्के असे भोगावे लागतात.

त्यात इमारतीची जमिनीखालची टाकी रस्त्यापेक्षा दोन-तीन मीटर खाली असते. पाणी खालीच धावणार. टाकी रिकामी, तोंडाशी फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी चावी) नाही किंवा बिघडलेला, तर ती पाणी सुटल्यापासून बंद होईपर्यंत लाइन पीत राहते. त्याहून वाईट म्हणजे लाइनवर थेट मोटर लावणं. लाइनमध्ये पोकळी तयार होते, आणि जिथे सांधा कच्चा आणि शेजारून ड्रेनेज गेलंय तिथून घाण आत ओढली जाते. गढूळ पाण्याच्या तक्रारी पुष्कळदा पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतल्या असतात, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून जोडणी देताना व्यास किती, टाकीची तळपातळी किती, फ्लोट व्हॉल्व्ह कुठे आणि प्रवाहाला मर्यादा घालणारी काही सोय आहे का, हे चार प्रश्न विचारायचेच.

चोवीस तास पाणी आलं तर हा दाबाचा प्रश्न जवळजवळ मिटतो, हेही सांगतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतो असं व्हायला नको. तेच पाणी दिवसभरात विभागलं की सेकंदाला तीन लिटरच्या आसपास येतं आणि त्याच लाइनमध्ये किलोमीटरला अर्धा मीटर दाब जातो. शहराचे १४१ झोन करून मीटर बसवायची योजना त्यासाठीच आहे. पण ज्या झोनचं काम पूर्ण झालेलं नाही तिथे आज परवानगी देताना उद्याच्या चोवीस तासांचा आधार घेता येणार नाही. आणि ती योजना पूर्ण झाली तरी धरणातलं पाणी वाढत नाही.

तुमचे बाकीचे मुद्दे थोडक्यात घेतो, कारण ते मुद्द्यांपेक्षा घोषणाच जास्त आहेत. गळती थांबवा? जरूर थांबवा. पण त्यातून वाचलेल्या पाण्यावर पहिला हक्क आज कमी पाणी मिळणाऱ्यांचा आहे आणि मग कालव्याखालच्या शेतकऱ्यांचा. न वाचलेलं पाणी आधीच नव्या फ्लॅटच्या नावे लिहून टाकणं मला मान्य नाही. माणसं आकाशातून पडत नाहीत? नाही पडत. पण शहरातलंच कुटुंब नव्या घरात गेलं तरी त्याचं जुनं घर रिकामं राहत नाही, तिथे दुसरं कुटुंब येतं. भामा आसखेड धरणाचा उल्लेख तुम्ही केलात, ते २.६७ टीएमसी वडगाव शेरी, विमाननगर, धानोरी अशा पूर्वेकडच्या भागासाठी आहेत. पश्चिमेच्या प्रकल्पाच्या खात्यावर ते कसे टाकणार?

"पाणी बिल्डर टँकरने देईल, तसं हमीपत्र आहे" हे तुमचं वाक्य मात्र मी सोडणार नाही. २ लाख ७० हजार लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे सत्तावीस टँकर, रोज. ते कुठून येणार? एकतर पालिकेच्याच भरणा केंद्रावरून, म्हणजे त्याच धरणातून, नाहीतर आसपासच्या विहिरी आणि बोअरमधून. आपल्याकडचा खडक बेसाल्ट आहे. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, तेही थोडंच. खोल बोअर मारला की पुष्कळदा वरच्या थरातलंच पाणी खाली उतरतं आणि शेजारची विहीर आटते. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा टँकरची खरी गरज असते, तेव्हाच हे स्रोत बसतात. आणि सोसायटी ताब्यात दिल्यावर टँकरचं बिल भरतं कोण? ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलं तेच रहिवासी. त्या लोकांच्या बाजूने बोलणारा मी, आणि दार लावून घेणाराही मीच?

सांडपाण्याच्या पुनर्वापराबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे, ती मात्र कामाची आहे. १३५ लिटरमधले ४५ फ्लशसाठी धरलेले असतात. इमारतीचा प्रक्रिया प्रकल्प नीट चालला, फ्लशची पाइपलाइन खरोखर वेगळी असली, तर ताज्या पाण्याची गरज १ लाख ८० हजारांवर येते. पण विजेचं बिल आणि ऑपरेटरचा पगार वाचवायला तो प्रकल्प बंद ठेवला, की फ्लशला पुन्हा पिण्याचं पाणी जायला लागतं आणि आकडा परत २ लाख ७० हजारांवर. म्हणून परवानगीच्या हिशेबात ही बचत धरायची असेल तर फ्लशच्या लाइनवर वेगळा मीटर आणि त्याची नोंद तपासण्याची सोय हवी. नाहीतर बचत धरूच नये.

तुम्हाला यावर खरंच वाद घालायचा असेल तर तुमच्याच भागाचे कागद मागवा, माहिती अधिकारात मिळतात. तुमचा झोन ज्या टाकीवर आहे तिची क्षमता आणि रोज प्रत्यक्ष किती भरते. टाकीतून निघणाऱ्या मुख्य लाइनचा व्यास. त्या झोनमधल्या चालू जोडण्या. आणि त्याच हद्दीत गेल्या पाच वर्षांत दिलेल्या बांधकाम परवानग्यांमधली सदनिकांची संख्या, भोगवटा मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशी वेगळी. शेवटचा कागद पाणीपुरवठा विभागाकडे मिळणार नाही, तो बांधकाम विभागाकडे मागा, अर्ज दोन करावे लागतील. आकडे आले की इथे टाका. शिल्लक अधिक निघाली तर त्या प्रकल्पाला परवानगी द्या असं मी स्वतः लिहीन. पण पुढची प्रतिक्रिया माझ्या घराच्या दाराबद्दल असेल तर ती प्रसिद्ध होणार नाही.