सीओटू सिस्टीम कमिशन करायची सोप्यात सोपी पद्धत

तुमच्या गिरणीत, जिनिंगात नाही त कुठल्या सबस्टेशनात नवीन सीओटू सिस्टीम, म्हणजे आग लागली की कार्बन डायऑक्साइड गॅस सोडून ती विझवणारी यंत्रणा, बसली असेल आन टेस्टिंग-कमिशनिंगची, म्हणजे तपासून चालू करायची, तारीख ठरली असेल, त बिलकुल टेन्शन घेऊ नका. आमच्या सूतगिरणीच्या पॅनल रूममध्ये परवाच हा सोहळा उरकला, त्याच्यातलं ज्ञान फुकटात देतो.

पहिले नारळ आणा. सिस्टीम बसवणाऱ्या एजन्सीचे साहेब शहरातून येईपर्यंत जेवायची वेळ होतेच, म्हणून सावजीचं सांगून ठेवा. रस्सा जमला की रिपोर्टही जमते.

सिलेंडर तोलायच्या भानगडीत पडू नका. ४५ किलो गॅस आन वरून त्या लोखंडाचं वजन, कोण उचलते? गेजकडं पाहा, काटा हिरव्यात आहे म्हणा, पुढं चला. आता ३१ डिग्रीच्या वर सीओटू द्रव म्हणून राहतच नाही आन आपल्या शेडमध्ये मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असते, म्हणजे काटा उन्हानंच चढते, आत माल किती हे त्याच्यावरून समजत नाही, आन १० टक्क्यांच्या वर गॅस कमी निघाला त सिलेंडर परत भरा लागते, हे सगळं पुस्तकातलं आहे. आपल्याकडं कापसाची गाडी भरलेली तोलतात, रिकामी तोलतात. सिलेंडरनं काय घोडं मारलं होतं कोणास ठाऊक.

धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरखाली अगरबत्ती धरा. लाल लाइट लागला की फोटो. दोन्ही झोनचे, म्हणजे दोन वेगळ्या जोडण्यांवरचे, डिटेक्टर लागल्यावरच गॅस सुटला पाहिजे, पण फोटोत एकच झोन मावते.

दाराला वीट लावून ठेवा, हवा खेळती राहते, गॅस बाहेर गेला त गेला.

केबलची भोकं बुजवू नका, उंदरांची गैरसोय होते.

नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, सिलेंडरचे नियम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालयही नागपुरातच, पण एका फोनसाठी इतक्या मोठ्या लोकांना कशाला त्रास?

आता मुख्य टीप. टेस्टच्या आधी खोली रिकामी करू नका. उन्हाळ्यात अख्ख्या गिरणीत एसी एकाच खोलीत, म्हणून सेकंड शिफ्टचा पोरगा पॅनलच्या मागं पोतं टाकून झोपला होता. मी म्हटलं, साहेब, आत माणूस आहे. साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणे, "काई नाई होत भाऊ, सोलेनॉइड काढला आहे." सोलेनॉइड म्हणजे करंट आला की गॅस सोडणारा खटका. जाऊन पाह्यलं त तो पायलट सिलेंडरवर, म्हणजे बाकीचे सिलेंडर उघडणाऱ्या पहिल्या सिलेंडरवर, जसाच्या तसा कसलेला, गॅसची वाट बंद करायचा लॉक-ऑफ व्हॉल्व्ह उघडा, आन हूटरच्या, म्हणजे धोक्याच्या भोंग्याच्या, बॅटरीची वायर लोंबकळत होती! म्हणजे गॅस सुटायच्या आधी जे ३० सेकंद पळायला ठेवलेले असतात, त्याच्यात त्या पोराला आवाजसुद्धा आला नसता. इलेक्ट्रिकल खोलीसाठी हा गॅस हवेत ५० टक्क्यांपर्यंत भरायचा असते. माणूस १० टक्क्यांतच काही मिनिटांत बेशुद्ध पडते, आन हवेपेक्षा दीडपट जड असल्यानं गॅस खालीच बसते, जिथं ते पोतं होतं तिथं. आगीची गरजच नाही, अगरबत्ती पुरली असती.

त्याला उठवलं त तो मलाच म्हणे, झोपू द्या ना भाऊ, लय ऊन आहे. साहेब तिकडं पॅनलवर टेस्टचं बटण शोधत होते.

अरे, लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला? आन मॅनेजर साहेब, तुम्हीही कोपऱ्यात उभे राहून "लवकर आटपा, विम्याचा माणूस येणार आहे" एवढंच म्हणत होते, हे मी ऐकलं. पोरगा गेला असता त त्याच्या मायले काय सांगितलं असतं, सर्टिफिकेट आहे म्हणून? आगीची यंत्रणा चालू आहे असं लिहून द्यायचा जानेवारी-जुलैचा फॉर्म बी कागद रंगवायला नसते. परत या. सिलेंडर काट्यावर घाला. सोलेनॉइड खरंच काढा, दोन्ही झोन लावा, हूटर बॅटरीवर वाजवून दाखवा. मग खोली रिकामी करून, मी स्वतः आत पाहून आल्यावर, दार लावून एकदा खरा गॅस सोडा, आत किती टक्के भरला आन किती वेळ टिकला ते मीटरवर मोजा, आन तो गॅस पूर्ण निघेपर्यंत कोणी आत पाय ठेवायचा नाही. तोपर्यंत हँडओव्हरच्या कागदावर माझी सही मागायला येऊ नका. सावजी तुमच्या खर्चानं असलं तरी.