१५ वर्षांची गाडी भंगारातच जाते? महाराष्ट्रात नाही

‘१५ वर्षं झाली की गाडी भंगारात, म्हणून २०१२ची वॅगन-आर घेऊच नका,’ असा मेसेज फिरतोय. महाराष्ट्रापुरता तो चुकीचा आहे. वयाची ती बंदी मुळात दिल्ली-एनसीआरची, म्हणजे दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाची. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली. आपल्याकडे आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून खासगी गाडीची नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवता येते. हा खर्च किंमत ठरवतानाच वजा करून मागा. आणि वयापेक्षा पत्र्याला गंज आहे का ते बघा, गाडी मुंबईतली किंवा कोकणातली असेल तर नक्कीच: दारांच्या खालच्या कडा, डिकीत स्टेपनीखालची जागा. आरसीवर कर्जाचा बोजा दिसला, तर बँकेची एनओसी हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.