इंदिरा कोल आणि १९८४ ची दंतकथा

एप्रिल आला, ऑपरेशन मेघदूतची (सियाचीनवर भारतीय सैन्य उतरलं त्या मोहिमेची) तारीख जवळ आली, की एक मजकूर फिरू लागतो. सियाचीनच्या माथ्यावरच्या खिंडीला १९८४ मध्ये इंदिरा गांधींचं नाव दिलं, त्याआधी तिथे माणूस पोचलाच नव्हता, जागा निनावी आणि नकाशा कोरा होता. यंदा तो चक्क ट्रेकिंगच्या ग्रुपवर आला, म्हणून हे लिहायला बसलो. कॉलेजात असताना मीही हे खरं मानत होतो, तेही कबूल करतो.

आधी नाव. इंदिरा कोल हे नाव १९१२ चं. ते दिलं फॅनी बुलक वर्कमन या अमेरिकन गिर्यारोहक बाईंनी, तिथल्या मोहिमेवर असताना. इंदिरा गांधींचा जन्म १९१७ चा, म्हणजे खिंडीचं बारसं त्यांच्या आधी पाच वर्षं झालं. इंदिरा म्हणजे लक्ष्मी. अमरकोशात लक्ष्मीच्या नावांच्या ओळीत ‘इन्दिरा लोकमाता मा’ असं आहेच. कोल हा फ्रेंच शब्द, आपल्या भाषेत खिंड. वर्कमनबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या, आणि त्याच मोहिमेत त्यांनी बर्फात उभं राहून ‘व्होट्स फॉर विमेन’ असं छापलेलं वर्तमानपत्र हातात धरून फोटो काढून घेतला. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा की.

‘माणूस पोचलाच नव्हता’ हेही चूक. हेन्री स्ट्रेची १८४८ मध्ये हिमनदीच्या मुखाशी गेला होता. टॉम लाँगस्टाफ १९०९ मध्ये पश्चिमेकडच्या साल्तोरोच्या बाजूने ‘बिलाफोंड ला’ ही खिंड ओलांडून आत उतरला आणि ही हिमनदी नकाशात दाखवली होती त्याहून कितीतरी लांब आहे हे उघड झालं. आज तिची लांबी साधारण ७६ किलोमीटर धरतात. वर्कमन मोहिमेत मोजणी केली ग्रँट पीटरकिन आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे सर्जन सिंग यांनी. दुसरं नाव सहसा कुणी घेत नाही. आणि ओझी वाहणाऱ्या बाल्टी (बाल्टिस्तानातल्या) हमालांना तर नावंच नाहीत.

निनावी म्हणावं तर सगळ्यात मोठं नावच त्यांचं. बाल्टी भाषेत ‘सिया’ म्हणजे रानगुलाब आणि ‘चेन’ म्हणजे जिथे तो भरपूर आहे ते. हिमनदीच्या मुखाखाली, नुब्रा खोऱ्यात, ही गुलाबी झुडपं आजही फुलतात. त्यातला ‘चीन’ शेजारचा देश नव्हे आणि ‘सिया’ रामाची सीता नव्हे. बिलाफोंड ला म्हणजे फुलपाखरांची खिंड. बर्फाच्या वाटेला असं नाव देणारे लोक तिथून नुसते एकदा गेले असतील, हे मला पटत नाही.

राहिला कोरा नकाशा. कोरेपणा होता, पण वेगळ्या जागी. १९४९ च्या भारत-पाकिस्तान कराची करारात युद्धबंदी रेषा नकाशावरच्या एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत आखली आणि पुढे ‘तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे’ एवढंच लिहून सोडून दिलं. १३ एप्रिल १९८४ ला भारतीय सैन्य बिलाफोंड ला वर उतरलं ते याच न आखलेल्या पट्ट्यात. तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या. नावांचा घोळ बहुधा तिथूनच सुरू झाला.