शत्रूने डोकं चालवलं तर डीएम अन्यायी कसा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात प्रत्येक खेळाडू गोष्टीतलं एक पात्र होतो, आणि गोष्ट व शत्रू चालवतो तो डीएम, म्हणजे डंजन मास्टर. हा खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: शत्रूंना फार हुशारीने लढवू नका. कारणंही ठरलेली. डीएमला सगळं माहीत असतं, म्हणून त्याने डावपेच लढवणं अन्याय्य. गॉब्लिन-कोबोल्डसारखे किरकोळ शत्रू मुळातच मठ्ठ. आणि शत्रू डोक्याने लढले की पात्रं मरतात, मजा जाते. नवे डीएम हे मनावर घेतात आणि त्यांची प्रत्येक लढाई सारखीच होते. सगळे शत्रू धावत येऊन चिलखतवाल्या फायटरला घेरतात आणि मरेपर्यंत तिथून हटत नाहीत. या सल्ल्याने खेळाचं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

डीएमला सगळं माहीत असतं, हे खरं. खलनायकाला नसतं, आणि हा फरक पाळणं हेच डीएमचं काम. पार्टीतल्या, म्हणजे खेळाडूंच्या गटातल्या, विझर्डकडे (जादूगाराकडे) काउंटरस्पेल हा समोरच्याचा मंत्र हाणून पाडणारा मंत्र आहे हे डीएमला आधीपासून ठाऊक असतं. खलनायक असलेल्या नेक्रोमॅन्सरला (मृतांना उठवणाऱ्या मांत्रिकाला) ते स्वतःचा पहिला मंत्र वाया गेल्यावर कळतं. काउंटरस्पेलचा पल्ला ६० फूट, आणि मंत्रविद्येत आयुष्य घालवलेल्या माणसाला तो माहीत असणारच. मग पुढच्या फेरीत तो मागे सरकला तर त्यात अन्याय कसला? पहिल्याच फेरीत, काही कारण नसताना, तो बरोबर ६५ फुटांवर उभा दिसला तर मात्र खेळाडूंनी जरूर भांडावं. अर्थात आधीच्या लढाईतून त्याचा एखादा हस्तक निसटला असेल तर गोष्ट वेगळी. त्याला जाऊ द्यायचं की पकडायचं, हे पार्टीनेच ठरवलेलं असतं.

गॉब्लिन मठ्ठ असतात, हे तर नियमांतच बसत नाही. २०१४च्या नियमांत गॉब्लिनची बुद्धिमत्ता १० आहे, म्हणजे सामान्य माणसाइतकी. हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, फक्त ७. त्याला निम्बल एस्केप दिलंय, म्हणजे बाण मारून त्याच पाळीत तो पुन्हा लपू शकतो. खिंडीत दोन्ही बाजूंच्या दगडांआड चार गॉब्लिन बसवा. एक बाण सोडतो, लपतो, जागा बदलतो. फायटर त्याच्या मागे धावला की उरलेले तिघे एकट्या पडलेल्या विझर्डवर नेम धरतात. आता खेळाडू विचार करू लागतात: कुणी ढालवाल्याच्या मागे सरकतं, कुणी बाण रोखून गॉब्लिन डोकं वर काढायची वाट बघतं, कुणी फॉग क्लाउड टाकून धुक्याने सगळ्यांनाच आंधळं करतं. फॉग क्लाउड हा पहिल्या पातळीचा साधा मंत्र, पण शत्रू जागेवर उभे राहून मार खात असतील तर तो वापरायची वेळच येत नाही. लांडग्याची बुद्धिमत्ता फक्त ३, तरी त्यालाही पॅक टॅक्टिक्स (साथीदार शत्रूजवळ असला की हल्ला सोपा होणं) आहे, कारण कळपाने शिकार करायला पुस्तकी अक्कल लागत नाही.

हे नव्या नियमांचं खूळही नाही. नोव्हेंबर १९८७मध्ये या खेळाच्या ‘ड्रॅगन’ मासिकात रॉजर मूर यांनी टकर नावाच्या डीएमच्या कोबोल्डांवर लिहिलं होतं. आग, अरुंद बोगदे आणि भिंतीतल्या फटींतून मारलेले बाण एवढ्या भांडवलावर त्यांनी बलाढ्य पार्टीला पळता भुई थोडी केली. खालच्या मजल्यावरचे राक्षस परवडले पण हे कोबोल्ड नकोत, अशी खेळाडूंची गत झाली.

राहिला पात्रं मरण्याचा मुद्दा. डोक्याने लढणारा शत्रू जीव वाचवायलाही बघतो. या खेळाच्या १९८१च्या बेसिक संचात मोरालचा, म्हणजे शत्रूच्या धीराचा, नियम होता: बाजूचा पहिला गडी पडला, किंवा निम्मे पडले, की दोन फासे टाकायचे, बेरीज मोरालच्या आकड्यापेक्षा जास्त आली तर शत्रू पळतात किंवा शरण येतात. हा नियम आजही वापरायला हरकत नाही. दरोडेखोराला पैसे हवे असतात. पार्टीतल्या बेशुद्ध क्लेरिकला, म्हणजे पुजारिणीला, मारून त्याला काय मिळणार? तो तिच्या गळ्याला सुरी लावतो आणि म्हणतो, ‘शस्त्रं खाली ठेवा, थैल्या इकडे टाका.’ सुपारी घेऊन आलेला मारेकरी मात्र वार करेलच, आणि तो कशासाठी आलाय हे खेळाडूंना आधी कळलेलं असावं.

पहिल्यांदाच खेळायला बसलेल्यांसाठी थोडं सौम्य राहावं, हे मला मान्य आहे. तिथे गॉब्लिनांची संख्या कमी करा, पहिला बाण झाडात रुतू द्या, एकाला दगडाआडून खिदळताना ऐकू येऊ द्या. पण त्यांना दगडाआडून बाहेर काढून फायटरच्या तलवारीसमोर उभं करू नका.